टेकडीवरच्या टाकीचा निरोप

मुलांनो, माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी रोज उशिरा यायची. प्रार्थना झाली, हजेरी झाली, फळ्यावर तारीख लिहून झाली, की ही दारात उभी. चपला चिखलानं माखलेल्या, वेणी सुटलेली, आणि धापा टाकत विचारायची, "आत येऊ का बाई?" दोनचारदा मी रागावले. एकदा तर पहिला तास संपेपर्यंत तिला दाराशीच उभं ठेवलं. ती एक शब्द बोलली नाही. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तिला टाकी बघायला जावं लागतं."

टाकी कसली? तर गावाच्या पाण्याची. आमच्या गावाची विहीर ओढ्याकाठी आहे आणि टाकी समोरच्या टेकडीवर. त्या मुलीचे आजोबा गावाला पाणी सोडण्याचं काम करतात. सकाळी मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. पण विहिरीपाशी बसलेल्या माणसाला टेकडीवरची टाकी भरली की नाही, हे कळणार कसं? आजोबा आधी स्वतः चढून जायचे. एका पावसाळ्यात निसरड्या वाटेवर त्यांचा पाय घसरला आणि गुडघा कायमचा दुखावला. तेव्हापासून आजोबा खाली मोटरीजवळ आणि नात वर टाकीजवळ. टाकी भरली की ती वरून हाळी द्यायची, "भरलीऽऽऽ!" खाली आजोबा बटण दाबायचे आणि ही टेकडी उतरून पळत पळत शाळेत.

वारं उलटं असलं, की हाळी ऐकू यायची नाही. मग टाकी वाहायची. उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. त्या दिवसांत वाया गेलेल्या प्रत्येक घागरीबद्दल आजोबांना बोलणी खावी लागायची.

हे सगळं कळलं आणि मला माझीच लाज वाटली. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन दोन महिन्यांवर आलं होतं. दर वर्षी कुणी ज्वालामुखी करतं, कुणी पवनचक्की. मी वर्गाला म्हटलं, "या वर्षी आपण टेकडीवरच्या टाकीलाच बोलायला शिकवलं तर?"

ही गोष्ट त्या प्रकल्पाची आहे. त्यातही एका प्रश्नाची, ज्यात आम्ही दोनदा चुकलो. बाजारात इतकी छोटी, स्वस्त रेडिओ मॉड्यूल्स मिळतात. त्यांतलं आपलं कोणतं?

तार का नको?

हा प्रश्न वर्गात लगेच आला. टाकीपासून विहिरीपर्यंत तार ओढायची, तर ती रस्ता ओलांडणार, दोन शेतांतून जाणार. नांगर लागला की तुटणार, माकडं लोंबकळली की तुटणार. शिवाय एवढ्या तारेचे पैसे! तेव्हा निरोप बिनतारीच जायला हवा होता.

रेडिओ मॉड्यूल म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी पट्टी. तिच्यावर एक चिप असते आणि काही बारीक भाग. आर्डुइनोसारख्या छोट्या संगणकानं तिला निरोप द्यायचा, ती त्याच्या रेडिओलहरी करून हवेत सोडते. दुसऱ्या टोकाचं मॉड्यूल त्या लहरी पकडतं आणि पुन्हा निरोप करून देतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली होती. आम्हालाही एक प्रकारची घंटाच वाजवायची होती. फक्त मध्ये भिंतींऐवजी आख्खी वाडी होती.

पहिली चूक : सगळ्यांत स्वस्त ते घेतलं

वर्गानं प्रत्येकी वीस रुपये वर्गणी काढली. पैसे मोजके, म्हणून आम्ही सर्वांत स्वस्त जोडी आणली. एक पाठवणारं मॉड्यूल आणि एक ऐकणारं. दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आसपास. यांच्यावर ४३३ मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं.

यांचं काम अगदी साधं. टॉर्च उघडझाप करून अंधारात खूण करतो ना, तसं. लहर चालू म्हणजे एक, लहर बंद म्हणजे शून्य. वर्गात आम्ही पाण्याच्या बादलीत फ्लोट स्विच बसवला. हा स्विच पाण्याबरोबर वर उचलला जातो आणि ठरावीक उंचीला पोचला की आतला जोड लागतो. बादली भरली आणि वर्गाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लाल दिवा लागला! टाळ्याच टाळ्या.

मग एक गंमत झाली. पाठवणाऱ्या मॉड्यूलची बॅटरी काढून ठेवली होती, तरी दिवा मध्येच लागला. पुन्हा विझला. पुन्हा लागला. भूत की काय?

भूत वगैरे काही नाही. जुन्या ट्रान्झिस्टरवर दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवला की खरखर ऐकू येते, हे तुमच्या आईबाबांना विचारा. या स्वस्त ऐकणाऱ्या मॉड्यूलचंही तसंच. कुणी बोलत नसलं, की ते आपले कान अधिकाधिक टवकारतं आणि हवेतल्या खरखरीलाच निरोप समजतं. त्यातच बिनतारी दारघंटा, गाड्यांच्या रिमोट किल्ल्या अशा कितीतरी वस्तू याच लहरींवर बोलत असतात.

यावर उपाय आहे. निरोपाच्या सुरुवातीला आपला पत्ता लिहायचा आणि शेवटी ताळा जोडायचा. गणितात बेरीज बरोबर आहे का ते ताळा करून पाहतो, तसंच. पत्ता जुळला आणि ताळा जमला तरच निरोप खरा मानायचा, नाहीतर टाकून द्यायचा. रेडिओहेड नावाचा एक मोफत प्रोग्रामसंग्रह मिळतो, त्यात ही सोय तयार असते. ती वापरल्यावर आमचं भूत पळालं.

पण मैदानाच्या टोकाशी जाताच निरोपही पळाला. आणि तेव्हाच त्या मुलीनं विचारलेला प्रश्न मी आजही विसरलेले नाही.

"बाई, दिवा लागला नाही तर आजोबांनी काय समजायचं? टाकी भरली नाही असं, की वरची बॅटरी संपली असं?"

वर्ग गप्प झाला. तीच पुढे म्हणाली, "मी वर पोचलेच नाही, तरी हाळी येत नाही. म्हणून टाकी रिकामी असं थोडंच आहे?"

आम्ही दिवा, तार, बॅटरी यांच्यातच गुंतलो होतो. निरोप नक्की काय आहे, याचा विचारच केला नव्हता.

निरोप आधी, रेडिओ नंतर

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि आम्ही सहा प्रश्न लिहिले. मुलांनो, प्रकल्प कोणताही असो, मॉड्यूल विकत घेण्याआधी हे सहा प्रश्न वहीत लिहाच.

१. निरोप केवढा आहे? आमचा अगदी एवढासा. "भरली" किंवा "भरली नाही."

२. किती वेळानं पाठवायचा? टाकी काही एका क्षणात भरत नाही. दर दोन मिनिटांनी पुरे. टाकी भरली नसली, तरीही "मी आहे, अजून भरली नाही" असं सांगत राहायचं. म्हणजे गप्प बसण्याचा अर्थ कळेल.

३. किती लांब, आणि मध्ये काय आहे? मोबाइलच्या नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर ४१० मीटर. पायवाट वळणावळणाची आणि बरीच लांब, पण लहरींना पायवाट लागत नाही. मध्ये काही घरं आणि आंब्याची जुनी झाडं.

४. उलट उत्तर हवं का? खेळण्यातली गाडी चालवायची तर हुकूम पोचला की नाही ते कळायला हवं. आमच्या टाकीला उत्तर नको होतं, कारण ती दोन मिनिटांनी पुन्हा बोलणारच होती.

५. वीज कुठून येणार? खाली मोटरीजवळ वीज आहे. वर टाकीजवळ नाही. म्हणजे वरचं यंत्र सेलवर चालणार आणि दोन निरोपांच्या मध्ये झोपणार.

६. चुकलं तर काय बिघडेल? निरोप आला नाही तर टाकी वाहील. पण टाकी रिकामी असताना चुकून "भरली" असा निरोप आला, तर मोटर लवकर बंद होईल आणि अर्ध्या गावाला पाणी मिळणार नाही. म्हणून पत्ता आणि ताळा हवाच.

हे लिहिल्यावर आमचे डोळे उघडले. आम्हाला वेग नको होता, मोठा निरोप नको होता. हवं होतं ते फक्त लांबवर आणि खात्रीनं पोचणं.

दुसरी चूक : पाकिटावरचा आकडा वाचला

इतकं शहाणपण आलं तरी आम्ही पुन्हा फसलोच! एका मुलाच्या मामानं सांगितलं, "एनआरएफ२४एल०१ घ्या. स्वस्त आहे आणि एक किलोमीटर जातं." छोटा दांडा असलेलं मॉड्यूल होतं, आणि जाहिरातीत तसा आकडाही होता. आम्हाला तर ४१० मीटरच हवे होते.

नॉर्वेतल्या नॉर्डिक कंपनीची ही चिप खरोखर गुणी आहे. २.४ गिगाहर्ट्झवर चालते, १२६ वाहिन्यांपैकी कोणतीही निवडता येते, एका वेळी ३२ अक्षरांएवढा निरोप जातो. आणि पलीकडचं मॉड्यूल "पोचलं" अशी पोचपावतीही आपणहून पाठवतं.

पहिलं मॉड्यूल मी जाळलं. या चिपला १.९ ते ३.६ व्होल्ट लागतात आणि मी घाईघाईत ५ व्होल्टची तार जोडली. ते तापलं आणि कायमचं गप्प बसलं. पैसे मुलांच्या वर्गणीतले होते. मी वर्गाची माफी मागितली आणि ते पैसे माझ्या पर्समधून भरले. तेव्हापासून आमच्या वर्गाचा नियम आहे : तार जोडण्याआधी दुसऱ्या कुणीतरी व्होल्टचा आकडा मोठ्यानं वाचायचा.

दुसऱ्या मॉड्यूलचे निरोप मध्येच गळायचे. कारण सापडलं. निरोप पाठवायच्या क्षणी त्याला विजेचा एकदम घोट लागतो आणि लांब बारीक तारांतून तो वेळेवर पोचत नाही. नळाची धार बारीक असेल तर आपण शेजारी रांजण भरून ठेवतो की नाही? तसाच १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आम्ही मॉड्यूलच्या वीजपिनांना अगदी लागून जोडला. किंमत रुपया-दोन रुपये. गळती थांबली.

मग आम्ही दोन गट केले आणि चालत निघालो. मैदान पार, देऊळ पार, सगळे खूश. आंब्यांच्या झाडांमागे गेलो आणि दिवा विझला. पावसाची सर येऊन गेल्यावर तर आणखी अलीकडे विझला. २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटर लांबीची असते. ओली पानं, भिंती, माणसांची गर्दी, सगळीच तिचा जोर शोषून घेतात.

मग जाहिरात खोटी होती का? तसंही नाही. असा आकडा बहुधा मोकळ्या मैदानातला असतो. दोन्ही टोकं उंचावर, मध्ये काही नाही आणि निरोपाचा वेग कमीत कमी. आपल्या गावात झाडं आहेत, घरं आहेत, गुरं आहेत. म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. आपल्या जागी, आपल्या पायांनी चालून मोजा.

हाळीचं गुपित

आता करायचं काय? "जास्त जोराचं मॉड्यूल आणू," एक जण म्हणाला. पण हिशेब पाहा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं, की लहरीचा जोर चौथाई उरतो. म्हणजे दुप्पट लांब जायचं तर चौपट ताकद हवी. सेल किती दिवस टिकणार?

मी त्या मुलीला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभं केलं आणि म्हटलं, "आधी पटकन म्हण, भरली. मग हाळी दे." पटकन म्हटलेलं अर्ध्यांना ऐकूच आलं नाही. हाळी मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आली. हाळीत आवाज मोठा असतोच, पण आणखी एक गोष्ट असते. शब्द लांबवलेला असतो. कानाला गोंगाटातून तो वेचायला वेळ मिळतो. डोंगरात गुरं राखणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

रेडिओलाही अशी हाळी देता येते! तिचं नाव लोरा. लांब पल्ला या अर्थाच्या 'लाँग रेंज' या इंग्रजी शब्दांवरून ते पडलं. फ्रान्समधल्या सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीनं ही पद्धत काढली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेक कंपनीनं ती कंपनी विकत घेतली आणि त्या चिपा जगभर पोचल्या. लोराची लहर एकाच सुरात राहत नाही. शीळ घालताना सूर खालून वर चढवावा, तशी ती घसरत चढते. ऐकणाऱ्या चिपला ही चढती शीळ इतकी ओळखीची असते, की खरखरीखाली दबलेली असली तरी ती तिला शोधून काढते.

शीळ किती लांबवायची, याच्या पायऱ्या असतात. ७ पासून १२ पर्यंत. एक पायरी वर गेलं, की निरोपाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, पण तो आणखी लांब जातो. नेहमीच्या मांडणीत सर्वांत मंद पायरीवर सेकंदाला तीनशेच्या आसपास बिट जातात. एनआरएफ२४ सेकंदाला २० लाख बिटांपर्यंत पाठवतं. केवढा फरक! लोरावरून फोटो पाठवायला बसलात तर कंटाळून जाल. पण "भरली" एवढंच सांगायला आणखी काय हवं?

किंमत मात्र आधीच्यांच्या कितीतरी पट होती. दोन मॉड्यूल्स आली तेव्हा आमच्या वर्गणीच्या डब्यात चिल्लर उरली. आता चुकून चालणार नव्हतं.

आकाशालाही कुंपण असतं

लोरा घेताना आमची तिसरी चूक होता होता राहिली. दुकानात तीच मॉड्यूल्स तीन आकड्यांत मिळतात : ४३३, ८६८ आणि ९१५. त्यात ९१५ स्वस्त मिळत होतं. घ्यावं का?

नाही घ्यायचं. ९१५ हा आकडा अमेरिकेसारख्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मोबाइल फोनसाठी दिलेला आहे. तिथे आपण बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात बैल सोडण्यासारखं. भारतात परवाना न काढता कमी ताकदीनं बोलायला काही पट्टे मोकळे ठेवले आहेत. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ, तिथे मर्यादा फक्त १० मिलिवॅटची. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, २००५ पासून मोकळा, मर्यादा १ वॅट. आणि २.४ गिगाहर्ट्झचा, ज्यावर वाय-फाय आणि ब्लूटूथ चालतात.

म्हणजे आम्हाला ८६६ हवं आणि दुकानात ८६८! घाबरायचं कारण नाही. ८६८ लिहिलेलं मॉड्यूल ८६६ वरही नीट चालतं, प्रोग्राममध्ये तो आकडा लिहावा लागतो एवढंच. आम्ही आरएफएम९५ घेतलं. ते जास्तीत जास्त १०० मिलिवॅट देतं, आम्ही २५ वरच ठेवलं. दुकानदाराला आणखी एक विचारा : या मॉड्यूलला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळणारं 'ईटीए' प्रमाणपत्र आहे का?

याही मॉड्यूलला ३.३ व्होल्टच लागतात. त्याच्या पिनांनाही ५ व्होल्टचे इशारे सोसत नाहीत. म्हणून आम्ही ३.३ व्होल्टवर चालणारा आर्डुइनो प्रो मिनी वापरला. आणखी एक अडचण आली. मॉड्यूलच्या पायांमधलं अंतर २ मिलिमीटर आणि ब्रेडबोर्डच्या छिद्रांमधलं २.५४. बसणार कसं? बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी बारीक तारा डाखून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. "टाकीचं पाणी मीही पितो," म्हणाले.

साडेआठ सेंटीमीटरची करामत

अँटेना विकत आणायची गरज पडली नाही. ते तर गणित आहे! ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. कारण लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. ३०० भागिले ८६६ म्हणजे साधारण ०.३४६ मीटर, म्हणजे ३४.६ सेंटीमीटर. साध्या अँटेनेला याचा चौथा भाग पुरतो. साडेआठ सेंटीमीटरहून किंचित जास्त लांबीची साधी तार. तीच ४३३ साठी काढून पाहा, साधारण १७.३ सेंटीमीटर येईल.

तार सरळ उभी ठेवायची, दोन्ही टोकांना सारखी. ती पत्र्याच्या पेटीत कोंडायची नाही, धातू लहरींना अडवतो. शक्य तितकी उंच न्यायची. आणि लोराच्या मॉड्यूलला अँटेना लावल्याशिवाय निरोप पाठवायला सांगायचं नाही. बाहेर पडायला वाट न मिळालेली ताकद चिपचंच नुकसान करू शकते.

फ्लोट स्विच टाकीत बसवायला कोणताही विद्यार्थी चढला नाही. ते काम ग्रामपंचायतीच्या प्लंबरनं केलं. मोटरीच्या स्टार्टरलाही आम्ही हात लावला नाही. आमचं यंत्र फक्त दिवे लावतं, बटण आजोबाच दाबतात.

दिवे तीन आहेत. हिरवा म्हणजे टाकी भरते आहे. लाल म्हणजे भरली. आणि पिवळा? लागोपाठ तीन निरोप आले नाहीत, म्हणजे सहा मिनिटं काहीच ऐकू आलं नाही, तर हिरवा आणि लाल दोन्ही विझतात आणि पिवळा लागतो. त्याचा अर्थ "मला माहीत नाही." हा दिवा त्या मुलीनं सुचवला. मला विचाराल तर सगळ्या प्रकल्पातला हा सर्वांत शहाणा भाग. माहीत नसेल तर तसं सांगणारं यंत्र विश्वासाचं.

तुमच्या प्रकल्पाला कोणतं?

आमची टाकी म्हणजे तुमचा प्रकल्प नव्हे. तेव्हा थोडक्यात सांगते.

एका खोलीतली खूण, दारघंटा, रिमोट : ४३३ ची साधी जोडी. पत्ता आणि ताळा विसरू नका.

खेळण्यातली गाडी, वर्गातलं प्रश्नमंजूषेचं बटण, जिथे पटकन उत्तर हवं : एनआरएफ२४एल०१. कपॅसिटर विसरू नका.

मोबाइलवरून जवळची वस्तू चालवायची : एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल. साधारण दहा मीटरपर्यंत. हे अँड्रॉइड फोनशी जुळतं, आयफोनशी नाही.

घरात वाय-फाय आहे आणि माहिती इंटरनेटवर टाकायची : ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२. यांना वीज जास्त लागते. वाय-फाय नसेल, तर दोन ईएसपी एकमेकांशी थेटही बोलू शकतात.

शेत, टेकडी, विहीर, छोटा निरोप आणि लांबचा पल्ला : लोरा, ८६५ ते ८६७ मध्ये.

आणि पालकांना एक विनंती. मुलांनी मॉड्यूल मागितलं, तर "कितीला?" हे विचारण्याआधी "निरोप काय आहे?" हे विचारा. मुलाला ते एका वाक्यात सांगता आलं, तर पैसे वाया जाणार नाहीत. आणि एखादं मॉड्यूल जळलं तर फार रागावू नका. आमच्याकडे ते बाईंनीच जाळलं होतं!

प्रदर्शनात काय झालं?

प्रदर्शनात आमच्या टेबलासमोर परीक्षक थांबले. शेजारच्या टेबलावर एका शाळेचं यंत्र होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत पल्ला लिहिला होता : पाच किलोमीटर. परीक्षकांनी त्या मुलीला विचारलं, "तुमच्या यंत्राचा पल्ला किती?"

ती म्हणाली, "४१० मीटर, सर. आमच्या टाकीपर्यंत. त्यापुढचं मोजलं नाही."

"मोजलं का नाही?"

"त्यापुढे आमची टाकी नाही ना, सर."

परीक्षक हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पहिला नंबर आमचा आला नाही. दुसराही नाही. मुलं परतताना एसटीत जरा हिरमुसली होती.

पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत ती मुलगी उभी होती. वेणी नीट घातलेली, चपला कोरड्या. मी हजेरी घेतली आणि तिचं नाव पुकारलं. ती जरा जास्तच मोठ्यानं "हजर, बाई!" म्हणाली. टेकडीवरून हाळी द्यायची सवय, दुसरं काय!

करून पाहा

एका मित्राला मैदानाच्या टोकाला उभं करा. त्यानं एक अंक आधी पटकन आणि मग तेवढ्याच आवाजात लांबवून उच्चारायचा. तुम्ही ऐकू आलेला अंक वहीत लिहायचा. दर दहा पावलांनी मागे सरका. दोन्ही प्रकारांत किती पावलांपर्यंत अंक बरोबर ऐकू आला, त्याचा तक्ता करा. मग झाडामागे उभं राहून पुन्हा करा. रेडिओ मॉड्यूल विकत घेण्याआधीचा हा पहिला प्रयोग, आणि याला एक पैसाही लागत नाही.